गोल डोक्यांची युएताओ

युएताओला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या मैदानावर, झेंडावंदनाच्या वेळी. मुलं रांगेत उभी होती, आणि एक ठेंगणी बाई रांगेच्या मागून चालत एकेकाच्या डोक्यामागे तळहात ठेवून पाहत होती. बाजारात पपनस निवडावं तसं. मी पहिलीची वर्गशिक्षिका. तुम्ही कुणाच्या आई, असं विचारलं तर म्हणाली, "आई यांतल्या कुणाचीच नाही, बाई. पण ही डोकी माझी आहेत."

खोटं नव्हतं ते. आमचं बुदाय गाव मासळीचं आणि कालवांचं. बाळंतिणीकडे महिनाभर राहायचं, तिला तिळाच्या तेलात आलं परतून केलेलं कोंबडीचं सूप पाजायचं आणि बाळ सांभाळायचं, हा लाय युएताओचा व्यवसाय. अशा बायका तायवानात गावोगाव आहेत. हिचं नाव झालं ते डोक्यांमुळे. तिच्या हाताखालून गेलेलं मूल मागून पाहिलं तर गोल गरगरीत, बाजूने पाहिलं तर सुबक. युक्ती साधी होती. बाळाला पालथं झोपवायचं, एकदा या गालावर, एकदा त्या गालावर. दोन्ही अंगांना मऊ उशा आणि वर वाघाचं भरतकाम केलेलं जाड दुपटं. महिना संपून बाळाचं जावळ काढलं की बायका त्या डोक्याभोवती जमत आणि युएताओ मागे, दाराशी, कौतुक ऐकू येईल इतक्याच अंतरावर उभी राही.

तिच्या या कर्तबगारीला एकच डाग होता, आणि तो तिच्याच घरात जेवायला बसायचा. मुलगा रुई-तेंग. तो झाला तेव्हा नवरा समुद्रावर आणि ही दिवसभर कालवं फोडायला. पोराला टोपलीत उताणं ठेवलं, की संध्याकाळपर्यंत ते तसंच छताकडे बघत पडलेलं. टोपलीत उशी नव्हती, कारण घरातच नव्हती. त्याचं डोकं मागून भाजी चिरायच्या पाटासारखं झालं. गावातली पुढची सगळी डोकी युएताओने बहुधा त्या एका डोक्याची भरपाई म्हणून केली.

मुलगी झाल्यावर रुई-तेंगच्या बायकोने, काय-यूनने, बाळाची झोपायची जागा स्वतः लावली. कठड्याचा लाकडी पलंग, सपाट टणक गादी, वर घट्ट बसणारी एक चादर. बाकी काही नाही. बाळ उताणं. युएताओने वाघाचं दुपटं आणि हिरव्या मुगाच्या सालांची उशी आणली होती, ती सुनेने नम्रपणे दोन्ही हातांनी घेतली आणि कपाटात ठेवली. त्या पलंगात आमचा वाळवलेला मासासुद्धा झोपणार नाही, असं युएताओ मला म्हणाली.

पण प्रश्न दुपट्याचा राहिला नव्हता. रजा संपली की काय-यून तायनान शहरात कामावर परतणार होती. ती म्हणाली, "आई, आरोग्य केंद्रातला बाळ सांभाळण्याचा वर्ग करा आणि तिथे सांगतील तसंच झोपवा. मग दोउदोउ तुमच्याजवळ राहील. नाहीतर मी तिला तायनानच्या पाळणाघरात ठेवते आणि रविवारी आणते." दोउदोउ म्हणजे नात. रुई-तेंग तेव्हा मान खाली घालून जेवत होता, त्यामुळे त्याचं डोकं सगळ्यांनाच नीट दिसत होतं.

जन्मभर बायकांना बाळ झोपवायला शिकवलेली बाई बाळ झोपवायला शिकायला गेली. सोबत म्हणून मला नेलं. शिकवणारी परिचारिका शू-निंग, माझी जुनी विद्यार्थिनी. तिने केस वर बांधले होते आणि ती फळ्याकडे वळली तेव्हा युएताओने मला कोपराने ढोसलं. ते डोकं तिच्याच हातचं होतं.

शू-निंगने रबरी बाहुली दिली आणि झोपवून दाखवा म्हणाली. युएताओने अशा सफाईने तिला पालथी घातली, गालाखालची चादर सारखी केली, की वर्गातल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. शू-निंगने बाहुली उताणी केली.

"तुझं डोकं कुणी केलं, ठाऊक आहे ना?" युएताओ म्हणाली.

"ठाऊक आहे, आजी. लग्नाच्या फोटोत छान आलं. पण मी रोज सकाळी उठले हे माझं नशीब."

मग तिने शांतपणे सांगितलं. पालथं झोपलेलं, उशादुपट्यांत रुतलेलं बाळ कधी कधी झोपेतच जातं, रडतही नाही. उताणं झोपवायला लागल्यापासून अशी बाळं पुष्कळ कमी झाली. पालथं ठेवायचंच तर जागेपणी, आपण समोर बसून.

युएताओने बाहुलीचा पाय धरून ठेवला. बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत फार पूर्वी एक बाळ सकाळी उठलंच नव्हतं. लोक म्हणाले, देवाने दिलं, देवाने नेलं. ते युएताओकडे नव्हतं. पण त्याच्या आईने पालथं झोपवणं युएताओकडूनच शिकून घेतलं होतं, आणि तेव्हापासून युएताओ बाजाराला लांबच्या रस्त्याने जायची. ते बाळ पालथं झोपवल्यामुळेच गेलं का, असं तिने विचारलं.

शू-निंग म्हणाली, "त्या एका बाळाचं काय झालं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आजी."

"मला वाटलं, तू नाही म्हणशील," युएताओ म्हणाली.

दोउदोउ चार महिन्यांची झाली तेव्हा लाळ पुसायचा समारंभ झाला. लाल दोऱ्यात ओवलेल्या बिस्किटांची माळ बाळाच्या गळ्यात घालतात आणि पाहुणे एकेक बिस्कीट मोडून त्याने ओठ पुसतात. माळेची गाठ मागे मारतात. त्यामुळे सगळ्या गल्लीला दोउदोउच्या डोक्याची मागची बाजू बघायला मिळाली. ती बापावर गेली होती.

शेजारच्या त्साय आजींनी इतकी वर्षं या दिवसाची वाट पाहिली असावी. "युएताओ," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "हे डोकं कुणाच्या हातचं गं?"

काय-यून मधे बोलणार होती. युएताओने तिला थांबवलं आणि गाठ पक्की केली.

"माझ्याच हातचं," ती म्हणाली. "रोज सकाळी उठते ती."

त्साय आजींनी बिस्कीट मोडलं आणि बाळाचे ओठ पुसले.

दोउदोउ अजून युएताओकडेच असते. जागी असली की चटईवर पालथी आणि समोर आजी तेवढीच पालथी. झोपली की रिकाम्या पलंगात उताणी. वाघाचं दुपटं सध्या मांजर वापरतं.