भागरता, बपेरावाली नव्हे

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणात लाखोरीचं कडधान्य बडवणं. ती काठीनं शेंगा झोडपत होती, मी सूप धरून उभा. ऊन चढलं तशी ती मटकन खाली बसली. मी सहज बोलून गेलो, "बायका लवकर थकतात."

"कोणत्या बायका?"

"कोणत्या म्हणजे? बायका."

"त्याइचं घर दाखवा, मी जाऊन भेटतो. इथं तं मी बसलो आहो, अन् माझ्या पायात गोळा आला."

माझी बायको भागरता अशी होती. कोणी 'बायका', 'लोक', 'म्हाताऱ्या' म्हटलं की ती त्यातला माणूस मागायची. एकदा सरकारी योजनेच्या कॅम्पात साहेबानं "लाभार्थी, पुढे या" असं पुकारलं. साऱ्या उठल्या, ही उठली नाही. साहेब चिडला. ही म्हणाली, "लाभार्थी कोणाचं नाव आहे जी? कोणीबी होते लाभार्थी. मले नावानं बोलवा, मंग येतो." साहेबाला नाव वाचावं लागलं.

आमच्या करडी गावात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. ही बपेऱ्याची, म्हणून बपेरावाली. बपेऱ्याहून आलेल्या गावात तिघी. हिला ती हाक कधीच गोड लागली नाही. म्हणायची, "बपेरावाली म्हणजे खाट आहे. आज मी बसलो, उद्या दुसरी बसंल. खाटेले हाक मारली तं मी कायले उठू?" मी तिला शेतातसुद्धा नावानं हाक मारायचो. बांधावरचे लोक हसायचे, "काय गा, बैल हरपला का तुझा?" हसोत. नाव घेतलं की ती वळून बघायची, दुसरी कोणी नाही.

लाखोरी बडवली त्या दुपारी चहा पिऊन ती घरापुढच्या सपरीत आडवी झाली आणि उठलीच नाही. लेक दुरून यायची होती, म्हणून माती सकाळी करायचं ठरलं. थोरल्या भावानं संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, "बपेरावाली वारली हो!"

अर्धं गाव रडत गेलं ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बपेरावालीच्या अंगणात. ती बिचारी भांडी घासत होती. राखेचे हात घेऊन ओरडली, "मी जित्ती आहो न गा!" मग म्हणे तिथं लोक हसले. माझ्या घरात भागरता पडलेली, आणि लोक हसले! हसतच माझ्याकडे आले.

मी भावाला म्हटलं, "दादा, नाव नाही घेता आलं?"

"भावसुनेचं नाव घेऊ का भोंग्यावर? अन् एवढं तोंड कायले वाजवतं? बाया म्हाताऱ्या झाल्या का जातेतच."

माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्या जात असतील, जाऊ द्या. म्हाताऱ्यांसोबत मी संसार केला नाही. माझ्या ताटात म्हाताऱ्या वाढत नव्हत्या. मेली ती एकटी मेली, आणि तुम्ही तिला ढिगात टाकून मोकळे झाले. जिवंतपणी खाट म्हणाले, मेल्यावरही खाटच उचलणार? दादाला मी हे सारं तोंडावर बोललो. त्याच्यासमोर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. तो उठून बाहेर जाऊन बसला.

सकाळी लोक बांबू बांधत होते. मी चपला न घालता देवळात गेलो आणि भोंगा सुरू केला. बोललो, "काल भागरता मेली. माझी बायको. जिनं तुमच्या घरी बाळंतपणं केली, जी तोंडावर बोलायची, ती. तिची माती आहे. ज्याले भागरता ठाऊक आहे त्यानं या. बपेरावालीच्या मातीले येणाऱ्यानं घरी बसा."

भोंगा बंद केला आणि तिला उचलायला घरी गेलो.