वेधशाळेतली वेळ अमावस्या

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षांत आमचा प्रौढ साक्षरता वर्ग बागेतील जुन्या वेधशाळेच्या ओसरीवर भरत असे. मी पाटीवर अक्षरे गिरवीत असताना आत कोणीतरी गंज खरवडीत असे. ते महादेवप्पा. अशी आमची ओळख झाली.

महादेवप्पांचा तेलाचा घाणा होता. लहानपणी वडिलांनी त्यांना उचलून येथील दुर्बिणीतून कृत्तिकांचा पुंजका दाखविला होता. पुढे वेधशाळा बंद पडली, फिरता घुमट गंजून अडकला आणि दुर्बीण आत तशीच पडून राहिली. आता दुष्काळात माणसे आभाळाकडे ढगापुरतीच बघत, हे त्यांच्या जिवाला लागले होते. "पाऊस देईना तर न देऊ दे," ते म्हणत, "बाकीचं आभाळ तर आपलं हाय की!"

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना जागा अपुरी पडत होती. एका अधिकाऱ्याने बजावले, "वेळ अमावस्येला घुमट फिरला तर वेधशाळा लोकांची. नाही फिरला, तर त्याच दिवशी कुलूप लावून गोदाम करणार." त्या सणाला सारे गाव शेतात कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, घालून लक्ष्मी पुजते आणि तिथेच जेवते, मागे चिटपाखरू उरत नाही. साहेबांचा डाव महादेवप्पांनी ओळखला.

त्यांनी घुमटाच्या चाकांत घाण्याचे उत्तम करडईचे तेल ओतले. थोड्याच दिवसांत तेल चिकटले, त्यावर धूळ बसली, आणि गंज खरवडल्यावर जरासा हलू लागलेला घुमट घट्ट बसला.

"घुमटाला फोडणी दिली का वो?" त्यांच्या पत्नी उमाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "मोहरी तेवढी इसरली!"

सारी पेठ हसली. "हसा," महादेवप्पा म्हणाले, "पण घासू लागा." लोक आलेही. रॉकेलने चाके धुतली, ग्रीस भरले. तरी घुमट चौघांना दाद देईना. त्याला पुष्कळ हात हवे होते, आणि सणादिवशी हात शेतात असणार.

तेव्हा महादेवप्पांनी कडब्याची कोप बागेतच उभारली, आत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले. गल्लोगल्ली निरोप धाडला, "यंदा रानात हिरवं पान न्हाई. म्हणून लक्ष्मीला उपाशी ठेवायचं व्हय? भज्जी-आंबील घेऊन हितंच या."

सणादिवशी दुपारी अधिकारी कुलूप घेऊन आले, तो बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणीतरी त्यांच्या हाती आंबिलीचा पेला दिला.

"साहेब, कुलूप ठेवा खाली अन् हात लावा," महादेवप्पा म्हणाले.

"मी सरकारी माणूस आहे."

"मग सरकारी बाजूनं ढकला!"

हशा पिकला. त्या हशातच माणसांनी खांदे लावले, आणि कुरकुरत, रडत घुमट फिरला. साहेब कुलूप खिशात घालून परतले.

दिवेलागण झाल्यावर दुर्बिणीला पहिला डोळा उमाबाईंनी लावला. कृत्तिका पाहून म्हणाल्या, "अगं बया! मोहरी हितं सांडली व्हय!"

पुढच्या वर्गाला महादेवप्पा ओसरीवर आले. रंगाचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "अक्का, तुम्हाला आता लिवता येतंय. दारावर मोठ्या अक्षरांत लिवा, 'ह्या दाराला कुलूप लावू नये.'"