मी देवीला काय विचारलं होतं

परवा मुलीच्या ॲडमिशनला गेलो होतो. कॉलेज राजाजीनगरातच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे जे झालं ते लिहायला बसायलाच दोन दिवस गेले...

स्नेहल बी.कॉम.चा फॉर्म भरत होती, मी शेजारी उभा. 'इतर आवडी' या रकान्यापाशी ती थांबली आणि तिथे तिने एक आडवी रेघ ओढली. काउंटरवरच्या मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, "म्युझिक, डान्स, एनादरू?" ती म्हणाली, "एनू इल्ला, मॅडम." काही नाही म्हणाली.



याच मुलीने बारावीनंतर म्युझिकल थिएटरच्या डिग्रीसाठी ऑडिशन दिली होती. गाणं, नाच आणि अभिनय तिन्ही एकदम शिकायचं, असा शहराबाहेरच्या एका युनिव्हर्सिटीतला कोर्स. निवड झाली तेव्हा तिने ऑडिशनचा तुकडा आम्हाला हॉलमध्ये करून दाखवला. नाचून धाप लागली होती, तरी सूर कुठे हलला नाही.

मी चिकोडीजवळच्या खेड्यात शिकलेला माणूस. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. माप बघायचं आणि पास की रिजेक्ट ते लिहायचं, यात पंचवीस वर्षं गेली. हे असलं काही मोजायचं कसं, मला कळेना.

सर्जापूर रोडला माझा मेव्हणा राहतो, आयटीत आहे. तो म्हणाला, "दाजी, उद्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला काय नाचत जाणार व्हय ही?" सगळे हसले. मीही हसलो... स्नेहल सुद्धा हसली.

मला 'हो' म्हणवेना आणि 'नाही' म्हणायचा धीर होईना. शेवटी म्हणालो, गावी जाऊ, देवीला कौल लावू. ती लगेच तयार झाली. "सरी अप्पा, देवी म्हणेल ते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. आपण हात जोडून मनातल्या मनात प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मोठ्याने बोलायचा नसतो. तो आपला आणि देवीचा.

मी विचारलं, "पोरीला त्या नाटकाच्या डिग्रीला घालू का?"

बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी कळी पडली. इतकी स्वच्छ, की गुरवही म्हणाला, "उजवा दिला बघा अण्णा, आता मागं बघू नका."

स्नेहल माझ्या मागेच उभी होती. बाहेर पायरीवर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "अप्पा, काय विचारलं होतं?"

आणि मी म्हणालो, "कॉमर्सला घालू का, असं विचारलं होतं."

हे तोंडातून कसं आलं, अजून कळत नाही. उजवी कळी पडताना मी घाबरलो होतो, एवढं आठवतं. तिने हात सोडला नाही. तो नुसता सैल झाला.

त्यानंतर तिने एका शब्दाने वाद घातला नाही. घातला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो... शुक्रवारी त्या युनिव्हर्सिटीत सीट पक्की करायची मुदत संपली. ती संपताना मी घरीच होतो, पेपर वाचत.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. संध्याकाळच्या आरतीला ती उभी राहायची, पण तिचा आवाज नसायचा. मला वाटलं, रुसली असेल, चार दिवसांत विसरेल.

तर परवा ती रेघ बघितली आणि मी तिला कॉलेजच्या जिन्यापाशी घेऊन गेलो. जिन्यावरून पोरं वर-खाली करत होती. तिथेच सांगितलं. जे विचारलं होतं ते, शब्द न शब्द.

ती म्हणाली, "नक्की तेच विचारलं होतं?"

"तेच."

"मी देवीवर रागावले होते अप्पा. इतके दिवस. मला वाटलं, तिला मी आवडत नाही."

मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने तिथूनच युनिव्हर्सिटीला फोन केला. सीट भरली होती. वेटिंगवर नाव लिहून घेतो म्हणाले, पण आशा धरू नका असंही म्हणाले. तिने थँक्यू म्हटलं, फोन ठेवला आणि आत जाऊन कॉमर्सचा फॉर्म देऊन आली. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

आयुष्यभर देवापुढे हात जोडले. आणि वेळ आली तेव्हा त्याच हातांनी देवीला पुढे करून मी मागे लपलो. मुलीची एक जागा गेली, ती कदाचित पुढच्या वर्षी परत मिळेल. पण ज्या देवीचं नाव घेऊन ती लहानाची मोठी झाली, तिच्याबद्दल मी तिच्या मनात किल्मिष घातलं.

काल संध्याकाळी स्नेहल स्वतःहून देवघरापाशी येऊन बसली. माझ्याशी बोलली नाही. तरी आली, याबद्दल देवीचे उपकार मानतो.

या ग्रुपवर तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी कौतुकाने सांगितलं होतं, की आमच्या देवीनेच पोरीला कॉमर्सला जायला सांगितलं. तुम्ही हात जोडल्याच्या खुणाही पाठवल्या होत्या. म्हणून हे इथेच, सगळ्यांसमोर लिहितो आहे... देवीने तिला 'हो' म्हटलं होतं. 'नाही' मी म्हटलं.