शुद्ध लाईन

तुमच्या कुत्र्याची जात तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगता. ती जात राखताना कुणाच्या अंगाचं काय झालं, हे कधी विचारलंत?

आमच्या घरात ‘जात’ हा शब्द अभिमानाने उच्चारायची सोय नव्हती. वडील आणि मामा तरुणपणी मराठवाड्यातून इकडे आले आणि जातिअंताची पत्रकं वाटत हिंडले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. त्यामुळे मामाने मीरा रोडजवळच्या गोडदेव भागातल्या वन रूम किचनमध्ये पग कुत्र्यांची पैदास सुरू केली, तेव्हा त्याची पंचाईत झाली. गिऱ्हाईक फोनवर जात विचारायचं, मामा सांगायचा, “लाईन शुद्ध आहे.” जात नाही, लाईन.

मामा कामाला होता तो स्टीलचा कारखाना बंद पडल्यापासून घर पिल्लांवरच चाललं होतं, मामेबहिणीचं नर्सिंगही. पण पिल्लं देणारी त्याची एकुलती मादी जागेपणीही घोरायची, एवढं तिचं नाक चपटं. पिल्लांची डोकी मोठी, म्हणून दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झाली. डॉक्टरांनी मामाला बजावलं होतं, तिसऱ्या खेपेला ती वाचणार नाही.

त्या रविवारी दुसऱ्या वेतातलं शेवटचं पिल्लू न्यायला मीरा रोडचं एक जोडपं येणार होतं. मी पोचले तेव्हा मामा फोनवर मादीसाठी पुढच्या खेपेचा नर ठरवत होता.

“कुठला नर?” मी विचारलं.

“पहिल्या वेतातला. तिचाच पोरगा. लाईन बाहेर जात नाय.”

“मामा, आईला मुलगा लावतोस?”

“ए पुढारीण, कुत्री हायेत ती. भाषण तुझ्या बापाला दे.”

“आणि डॉक्टर म्हणाले ते?”

“डॉक्टर भरतो का तुझ्या बहिणीची फी?”

“हळू बोला,” मामी ओट्यापाशी म्हणाली, “शेजारी ऐकतायत.”

बेल वाजली. मामाने मादीला पायाने बाथरूममध्ये सारलं आणि कडी लावली.

“प्युअर है ना?” बसता बसता नवऱ्याने विचारलं.

“एकदम. लाईन देखो, कान देखो.”

बाई पिल्लू मांडीवर घेऊन हसत होती. दाराआडून घरघर आली. “ये कैसी आवाज है?”

“पाईप है. पानी चढता है.”

मी उठले. मामाला कळलं. “बस खाली,” तो दातांत म्हणाला. मी कडी काढली.

ती बाहेर आली ती धापा टाकत थेट पिल्लाकडे. सड लोंबत होते, पोटावर जुन्या व्रणालगत नवा लालभडक व्रण. बाईने पिल्लू अलगद जमिनीवर ठेवलं. नवऱ्याने चपला घातल्या.

ते गेल्यावर मामा ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “घर फोडलंस,” म्हणाला, “आता ही ब्यादही तूच ने.”

मी तिला नेलं. ती वाचली, आमच्याकडे आहे. मामेबहीण मोजकं बोलते, मामा बोलत नाही. आणि त्याने दुसरी मादी आणली, कारण त्याचा फोन वाजायचा थांबलेला नाही. तो फोन तुमच्यापैकीच कुणीतरी करतं. तेव्हा एवढं करा: पिल्लाला हात लावण्याआधी त्याची आई बघायला मागा, तिचं पोट बघा. दाखवायला कुरकुर झाली तर पैसे खिशातच ठेवा आणि रिकाम्या हाताने जिना उतरा.