वाघ हवा की नको

घरगुती बालवर्ग चालवणाऱ्यांना मदत करत फिरणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. महिन्यातून एकदा त्या आमच्या सीवूड्सच्या फ्लॅटवर येत, हॉलमध्ये भरणारा माझ्या बायकोचा वर्ग बघत, शिकवण्यातलं काहीतरी नवं सांगत आणि चहा अगदी गार करून पीत.

एकदा त्या आल्या तेव्हा रडारड चालली होती. नवी आलेली चिमुरडी आठवडाभर दारातच बसून रडत होती. ‘न्यायला येईन तेव्हाही रडत असली तर उद्यापासून पाठवणार नाही,’ असं तिची आई बजावून गेली होती. म्हणून मी मदतीला धावलो. म्हणजे वाघाचा मुखवटा लावून, रांगत, डरकाळ्या फोडत. पोरीने आणखी मोठं भोकाड पसरलं.

“काका, वाघ झकास आहे,” बाई म्हणाल्या, “पण तो हवा की नको, ते तिला ठरवू द्या ना.”

“मी रोज तेच सांगते,” बायको म्हणाली.

बाई पोरीकडे पाठ करून दारात बसल्या आणि चपलांच्या जोड्या लावू लागल्या. एक इवलीशी सँडल धरून स्वतःशीच पुटपुटल्या, “हिची बहीण कुठे गेली बरं?”

थोड्या वेळाने मागून एक हात पुढे आला. त्यात दुसरी सँडल होती. मग दोघींनी मिळून सगळ्या चपला लावल्या.

मी मुखवटा काढून सोफ्यामागे गप्प बसलो होतो. माझी भलीमोठी चप्पल ओढत पोरगी तिथवर आली.

“आजोबा, आता वाघ हो.”

इतक्या मानाने मला ऑफिसातही कुणी बोलावलं नव्हतं. मी लगेच रांगायला लागलो. डरकाळीआधी माझा गुडघाच कडकन वाजला, आणि ती खदखदून हसली.