न रंगवलेलं पाणी

केवलरामची सगळी नोकरी भिलाईच्या कारखान्यात लोखंड रंगवण्यात गेली. रंग कोणीही लावतो, घासणं हे खरं काम, असं तो म्हणे. नव्या प्लेटीवर तापाची निळसर काळी पपडी धरलेली असते. ती तशीच ठेवून रंग दिला तर आज ना उद्या पपडीसकट रंग गळतो. म्हणून ती आधी खरवडायची. त्याच्या हाताखालून न घासलेलं लोखंड कधी गेलं नाही.

त्याचा दोस्त कवडू त्याच कारखान्यात, तापलेलं लोखंड लाटून प्लेटी करणाऱ्या प्लेट मिलमध्ये होता. कॅलेंडर समोर ठेवून त्यानं भंगारातल्या तुकड्यावर रविवर्म्याची लक्ष्मी उतरवली. कमळावर उभी, मागे हत्ती, खाली तळं. केवलराम तेव्हाच बोलला होता, "लेका, घासलं कावून नाही? पोपडे धरन हे."

कवडू हसला. "तुले तं देवीच्या पायाखालीही खरवडाचं सुचते."

यंदा कवडू वारला. त्याची बायको मैनाबाई हुडको वसाहतीतलं घर सोडून लेकाकडे गोंदियाला निघाली. तिनं चित्र केवलरामकडे आणून दिलं. वर धुपाचा काळा थर, खालच्या कोपऱ्याला गंज.

"भाऊजी, तेवढं नीट करून द्या. त्याईच्या हातचं दुसरं काहीच नाही माह्याजवळ."

केवलरामनं मन लावून काम धरलं. साबणाच्या पाण्यात कापूस भिजवून चेहरा हलक्या हातानं पुसला. लक्ष्मी उजळून निघाली. मग तो तळ्याकडे वळला. तिथं रंगच नव्हता. नुसती पपडी, वर वार्निश. आळशी लेकाचा, अर्धवटच सोडलं, असं पुटपुटत त्यानं खरवडणी उचलली.

"मैनाबाईले इचारा तरी आधी," त्याची बायको सिंधुताई म्हणाली.

"लोखंडातलं तिले काय समजते?"

तळं त्यानं पांढऱ्या लोखंडापर्यंत घासलं. रेड ऑक्साइडचं अस्तर दिलं, ते वाळू दिलं, निळ्याचे दोन हात मारले, लाटा काढल्या. कुंचल्याची रेघ कुठं दिसत नव्हती. इतके दिवस मनात ठेवलेली चूक आपण दुरुस्त केली, असं त्याला वाटलं.

मैनाबाईनं आल्याबरोबर लक्ष्मीला हात जोडले. मग तिची नजर खाली गेली.

"पानी कुठं गेलं?"

"हे काय. नवं केलं."

"हा तं रंग हाय, भाऊजी. ते म्हणत, पानी म्या नाही काढलं, आमच्या मिलनं देलं. सकाळी खिडकीतून ऊन पडलं का ते काळंनिळं हाले. आमी चहा घेता घेता पाहत राहो."

केवलरामनं निळ्यावरून बोट फिरवलं. ती पपडी लालभडक प्लेट मिलच्या रोलांखालून निघते तेव्हाच बसते. कोणत्याच डब्यात तो रंग मिळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"निळा काढून टाकू का?"

"खाली काय निघन?"

"पांढरं लोखंड."

"मंग राहू द्या." ती प्लेट चादरीत गुंडाळू लागली. "मेहनत लय केली तुमी."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर त्यानंच ती प्लेट उचलून बर्थखाली सरकवली. गाडी हलली तरी तो तिथंच उभा राहिला. पपडीवरचा रंग गळतो. हा कधी गळणार नव्हता. त्यानं नीट घासून लावला होता.