कमरेएवढ्या उंचीवरची खुंटी

फोन भंवरकुआं भागातून आला तेव्हा आधी मला रागच आला. "आंटीजी, अंकल क्लास में गिर गए, जल्दी आइए..." कुठल्या क्लासमध्ये? हे तर पोलोग्राउंडला जुन्या मित्रांकडे जातो म्हणून गेले होते! मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फळ्यावर तसंच लिहिलेलं होतं, स्पॅनिशमध्ये मी बोलतो, तू बोलतोस कसं म्हणायचं ते, आब्लो, आब्लास. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये बसून माझा सत्तरीचा नवरा हे शिकत होता!

संशय तसा आधीपासून होताच. आमची लेक मंजू स्पेनमध्ये राहते. दोघांनी कायमचं तिकडेच यावं, असा तिचा धोशा. मी साफ सांगितलं होतं, इंदूर सोडून मी कुठ्ठे जायची नाही. हे नुसतं "बघू" म्हणाले. हे "बघू" म्हणाले की समजावं, आत काहीतरी शिजतंय. मग बाथरूममधून आवाज यायला लागला... आब्लो, आब्लास, आब्ला. शाळेतले पाढे म्हणावेत तशा चालीत. "काय पुटपुटताय?" तर म्हणे, "स्तोत्र आहे गं, नवीन." जन्मात कधी देवापुढे बसले नाहीत, आणि म्हणे स्तोत्र! मी दाराला कान लावून ऐकायची. ऐकून ऐकून माझंही पाठ झालं.

त्यात वरची खोली रंगवून घेतली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. म्हटलं, झालं! भाडेकरू ठेवणार आणि मला उचलून नेणार. सुताराने दाराशेजारची खुंटी माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ठोकली. "ये क्या किया भिया, इतने नीचे?" म्हणून मी त्याला झापायला लागले, तर हेच मध्ये पडले. "राहू दे. बरोबर आहे." घरच सोडायचं असलं की माणसाला खुंटीचं काय, असं मी मनात म्हटलं.

हे गेल्यावर मंजू आली, पाच वर्षांच्या लेकीला, लूसियाला घेऊन. पोरीला मराठीचा गंध नाही. मंजू म्हणाली, "आई, बाबा तिकडे येणारच नव्हते. म्हणायचे, तुझी आई हलायची नाही आणि मी तिला सोडून यायचो नाही. सुट्टीत पोरीलाच इकडे पाठव, तोवर मी तिच्याशी बोलण्यापुरतं शिकतो." मला काही ते पटलं नाही. आईचं मन राखायला लेकी काहीही सांगतात.

संध्याकाळी लूसिया एकटीच जिना चढून वर गेली. मी मागोमाग गेले. तिने खांद्यावरची बॅग काढली आणि कुणाला न विचारता त्या खुंटीला अडकवली. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत तिला.

मी त्या खुंटीखालीच बसकण मारली. अहो, एवढंच होतं तर सांगायचं ना मला! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

पोर घाबरून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या भाषेतलं मला दुसरं काय येणार... डोळे पुसले आणि ह्यांच्याच चालीत म्हटलं, "आब्लो, आब्लास, आब्ला..."

लूसिया हसली. माझ्याजवळ येऊन बसली आणि पुढचं म्हणू लागली, अगदी त्याच पाढ्यांच्या चालीत.